दुसऱ्या गळ्यातला गंधार

तंबोऱ्याच्या चार तारा पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज अशा मिळवल्या जातात. गंधारासाठी स्वतंत्र तार नसते. तरीही जवारी नेमकी लागलेली असेल आणि खर्जाची तार हलक्या बोटाने छेडली गेली, तर तिच्या नादातून गंधार आपोआप उमटतो, आणि गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ताणलेली तार आपल्या पूर्ण लांबीने कंप पावत असतानाच अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भागांनीही कंप पावते, आणि पाचव्या भागाच्या कंपातून दोन सप्तके वरचा हा स्वर निर्माण होतो. खाली आणून मध्य सप्तकात बसवला, तर षड्जाशी त्याचे गुणोत्तर ५:४ असे भरते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची मदत घेऊन श्रुतींची मोजमापे केली आणि १९१० मध्ये ती इंग्रजी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या कोष्टकातही शुद्ध गंधार याच ठिकाणी होता. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी कुटुंबे ज्या शहरात नांदत आली, त्या जबलपूरमध्ये घरी तंबोरा लावून बसणाऱ्याला हा गंधार इतका सवयीचा असतो, की त्याचा वेगळा विचार करण्याची वेळ सहसा येत नाही. पंधराव्या शतकात इंग्लंडमधील चर्चच्या गायकांची कीर्ती युरोपभर पसरली ती याच स्वराच्या बळावर, ही गोष्ट मात्र त्याला नवी वाटेल.

मध्ययुगीन युरोपातील संगीतशास्त्र पायथागोरसच्या गणितावर उभे होते. त्या गणितात सप्तक (२:१), पंचम (३:२) आणि मध्यम (४:३) एवढीच अंतरे निर्दोष मानली जात आणि बाकीचे स्वर पंचमाच्या साखळीतून काढले जात. षड्जापासून पंचमाच्या चार पायऱ्या चढून मिळणारा गंधार ८१:६४ या गुणोत्तराचा असतो. ५:४ म्हणजे ८०:६४, तेव्हा शास्त्रातला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा ८१:८० इतका चढा राहतो. भरताच्या नाट्यशास्त्रातील प्रमाणश्रुतीचे मोल आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकजण हेच सांगतात, म्हणजे भारतीय वाचकाला हा फरक नवखा नाही. षड्जासोबत तो चढा गंधार एकाच वेळी धरून ठेवला तर दोन स्वरांत घर्षण होते आणि कानाला खडखड जाणवते, म्हणून पॅरिसच्या रचनाकारांनी त्याला वाटेतल्या मुक्कामाची जागा दिली, पण विसाव्याची दिली नाही. चरणाचा शेवट षड्ज, पंचम आणि तार षड्ज यांवरच व्हायचा.

इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या भागात गायकांना हे बंधन जाचत नसावे. वेल्सचा धर्मोपदेशक गेराल्ड याने ११९४ च्या सुमारास लिहून ठेवले आहे, की वेल्समधील लोक एका सुरात न गाता अनेक आवाजांत गातात आणि उत्तर इंग्लंडमध्ये यॉर्कच्या बाजूस दोन आवाजांत गाण्याची रीत मुलांमध्येसुद्धा मुरलेली आहे. तेराव्या शतकातील एका निनावी लेखकाने, ज्याला संगीताचे इतिहासकार 'चौथा अनामिक' या नावाने ओळखतात, पश्चिम इंग्लंडमधील गायक गंधाराच्या अंतराला उत्तम संवादी मानतात, अशी नोंद केली. त्याचा शास्त्रीय उलगडा मात्र १३०० च्या सुमारास एव्हशॅम येथील मठात राहणाऱ्या वॉल्टर ओडिंग्टन या संन्याशाने केला. आकडे काहीही सांगोत, माणसाचे गळे हे अंतर आपसूक ५:४ वर आणून गोड करून घेतात, असे त्याने म्हटले. म्हणजे पोथीतल्या गणितापेक्षा गळ्याच्या साक्षीला त्याने अधिक मान दिला. शास्त्र आणि प्रयोग यांच्या भांडणात प्रयोगाची बाजू घेणारे असे पंडित कुठल्याही देशात थोडेच निघतात.

अनेक आवाजांनी एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरावली गाण्याच्या या पद्धतीला पॉलिफनी म्हणतात. तिला बहुस्वरी गायन म्हणता येईल. समूहगानात शंभर माणसे एकच चाल म्हणतात, तेव्हा आवाज अनेक असले तरी गाणे एकच असते. बहुस्वरी गायनात प्रत्येक आवाजाची चाल निराळी असते आणि त्या चालींची गाठ क्षणोक्षणी जुळावी लागते. तेराव्या शतकाच्या मध्यास रेडिंगच्या मठातील हस्तलिखितात नोंदवलेले उन्हाळ्याच्या स्वागताचे इंग्रजी गीत हा त्याचा सुप्रसिद्ध नमुना होय. त्यात चार गायक एकच चाल एकामागून एक सुरू करतात आणि खालचे दोन आवाज एक छोटा तुकडा सतत घोळवत राहतात, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन स्वरांवर उभे राहिलेले दोन स्वरसमूह आलटून पालटून ऐकू येतात. इतक्या आधीच्या काळात सहा आवाजांची दुसरी रचना सापडत नाही, आणि ही रचना कोकिळेच्या आवाजाची व गुराढोरांची गंमत गाणारी आहे, हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य. त्याच चालीखाली लॅटिन धार्मिक शब्दही लिहून ठेवलेले आहेत, ते मठाच्या प्रतिष्ठेसाठी असावेत.

लिहून ठेवलेल्या रचना थोड्या आणि न लिहिता गाइलेले गाणे अमाप, अशी त्या काळाची स्थिती होती. पंधराव्या शतकात इंग्लंडमध्ये फॅबर्डन नावाची रीत रूढ होती, आणि तिच्यासाठी कागदाची गरज पडत नसे. चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली लॅटिन स्तोत्राची चाल मधला गायक जशीच्या तशी गायचा. वरचा गायक त्याच्या वर मध्यमाच्या अंतराने, म्हणजे चौथ्या स्वरावर राहून तीच चाल धरायचा, आणि खालचा गायक बहुतेक वेळ त्याच्या खाली तिसऱ्या स्वरावर चालायचा. मधला गायक गंधारावर असेल तर खालचा षड्जावर आणि वरचा धैवतावर, असे हे गणित. त्यामुळे संथ स्तोत्र पुढे सरकत असताना गंधार आणि धैवत यांच्या अंतरांची एक सलग माळ तयार होते, आणि ऐकणाऱ्याला चाल ओळखीची वाटूनही तिची काया बदललेली जाणवते. चरणाच्या शेवटी मात्र खालचा गायक आणखी खाली उतरून मधल्याच्या पाचव्या स्वरावर जातो. मधला षड्जावर, वरचा मध्यमावर आणि खालचा मंद्र मध्यमावर, अशी रचना होते आणि गंधार नाहीसा होतो. वाटचाल गोडव्यातून आणि विसावा कोऱ्या, मोकळ्या पंचमावर, ही त्या इंग्रज गायकांची शिस्त पॅरिसच्या जुन्या शास्त्राशीही इमान राखणारी होती.

या गोडव्याची किंमत भारतीय संगीताच्या बाजूने पाहिल्यास चांगली कळते. हिंदुस्थानी गायकाचा षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. त्याच्या आधारावर गंधाराला रागाप्रमाणे वेगवेगळे रूप घेता येते. दरबारीतला कोमल गंधार आंदोलित होतो, भूपाचा गंधार ठाम उभा राहतो, आणि मींडेने स्वराकडे जाणे हाच जेथे स्वराचा अर्थ असतो तेथे त्याचे ठिकाण आकड्यात पकडता येत नाही. बहुस्वरी गायनात गंधाराला हे स्वातंत्र्य देता येत नाही. शेजारच्या गळ्यातला षड्ज त्याच्याशी बांधलेला असतो, तेव्हा स्वर सरळ लावावा लागतो, लगेच लावावा लागतो आणि सोडतानाही वेळेवर सोडावा लागतो. त्याच्या बदल्यात गायकाला एक वेगळीच गोष्ट मिळते. खालचा आवाज सरकला की वरच्या गायकाचा तोच स्वर, त्याने काहीही न करता, दुसऱ्या नात्यात जातो. क्षणापूर्वी जो गंधार होता तो पंचम होतो, आणि जो पंचम होता तो षड्ज होतो. येथे षड्ज स्थिर नसतो, तो एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात फिरत असतो.

या फिरतीत एक अडचण दडलेली आहे. मध्यमाचा गंधार म्हणून धैवत लावला तर त्याचे षड्जाशी गुणोत्तर ५:३ होते, आणि ऋषभाचा पंचम म्हणून लावला तर २७:१६ होते. दोघांत पुन्हा तोच ८१:८० चा फरक. भारतीय पद्धतीत हे दोन धैवत दोन वेगळ्या रागांना वाटून देता येतात, पण बहुस्वरी रचनेत एकाच चरणात दोन्ही मागितले जातात आणि गायकाने प्रत्येक वेळी शुद्धतेचा हट्ट धरला तर गाणे हळूहळू मूळ पट्टीवरून सरकत जाते. म्हणून अशा गायकांना सतत कानाने तडजोड करावी लागते. त्या काळच्या हस्तलिखितांत सर्व आवाज बहुधा आजच्यासारखे एकाखाली एक मांडलेले नसत. मोठ्या पानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत एकेक आवाज स्वतंत्र लिहिलेला असे, त्यामुळे शेजारी काय गातो आहे हे डोळ्यांनी दिसण्याची सोय नव्हती. लिखित परंपरा असूनही गायकाची सारी भिस्त कानावर होती, ही बाब गुरुमुखी विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या वाचकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

हे संगीत इंग्लंडबाहेर गेले ते युद्धामुळे. १४१५ मध्ये इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याने अजँकूर येथे फ्रेंचांचा पराभव केला आणि पुढील काही वर्षांत फ्रान्सचा मोठा भाग इंग्रजांच्या ताब्यात गेला. राजे व सरदार आपल्या खासगी प्रार्थनामंदिरातील गायकांना मोहिमांवर सोबत नेत असत. त्याच सुमाराच्या 'ओल्ड हॉल' या हस्तलिखितात दीडशेच्या आसपास रचना आहेत. त्यांत सर्वांत अधिक लिओनेल पॉवर याच्या आहेत आणि दोन रचनांवर रचनाकार म्हणून राजा हेन्री असे नाव आहे. तो हेन्री चौथा की पाचवा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. या पिढीतील सर्वांत मोठे नाव जॉन डन्स्टेपल याचे. फ्रान्सचा कारभार पाहणाऱ्या बेडफर्डच्या ड्यूकशी त्याचा संबंध होता, गणित आणि ज्योतिष यांतही त्याची गती होती आणि १४५३ मध्ये तो वारला. विसंवादी स्वर कोठे येऊ द्यायचा आणि कसा सोडवायचा याची त्याने जी काटेकोर व्यवस्था लावली, तिच्यामुळे त्याचे संगीत आरंभापासून अखेरपर्यंत संवादी वाटते. १४४० च्या सुमारास फ्रेंच कवी मार्तां ल फ्रां याने आपल्या दीर्घकाव्यात द्यूफे आणि बँश्वा या युरोपीय मुख्य भूमीवरील नामवंत रचनाकारांनी डन्स्टेपलची इंग्रजी ढब उचलली असे सांगितले, आणि पुढे १४७० च्या दशकात टिंक्टोरिस या शास्त्रकाराने नव्या संगीताचा उगमच इंग्रजांकडे आहे असा निर्वाळा दिला. एकाच स्तोत्राची चाल धरून प्रार्थनाविधीतील सर्व गीते एका सूत्रात ओवण्याची कल्पनाही पॉवर आणि डन्स्टेपल यांच्याच पिढीत रुजली.

डन्स्टेपलच्या बहुतेक रचना आज इटलीतील आओस्ता, त्रेंतो आणि मोदेना येथील हस्तलिखितांत मिळतात. त्याच्या मायदेशी फारच थोड्या उरल्या. याचे कारण सोळाव्या शतकातील धर्मक्रांतीत आहे. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी प्रार्थना करणारी असंख्य देवस्थाने व त्यांच्या गायकांची वेतने बंद झाली, १५४९ मध्ये इंग्रजी भाषेतील प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले आणि लॅटिन विधींची पुस्तके नष्ट करण्याचे हुकूम निघाले. चर्मपत्र टिकाऊ असल्याने पुष्कळ पाने फाडून दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत वापरली गेली. वूस्टर येथील तेराव्या-चौदाव्या शतकांतील रचना अशा चिंध्यांतूनच विद्वानांनी जुळवल्या. हिंदुस्थानी संगीतात घराण्यांनी चिजा लपवल्या, काही चिजा गवयांबरोबर गेल्या, आणि विष्णू नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून उरलेल्या गोळा केल्या, तेव्हा मुखपरंपरेच्या नाजूकपणाबद्दल बरेच लिहिले गेले. लेखनाची परंपरा त्याहून सुरक्षित असते हा समज मात्र इंग्लंडच्या उदाहरणापुढे टिकत नाही. हुकूम एक निघाला आणि दोन-तीन वर्षांत तीनशे वर्षांचा ठेवा गेला. कारण पाने गेली तशी ती पाने वाचून गाणाऱ्या मुलांची शिकवणीही थांबली.

जे उरले त्यात ईटनची पोथी अव्वल आहे. सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये ईटन येथे विद्यालय स्थापले आणि सोळा गाणाऱ्या मुलांसह गायकवृंदाची तरतूद करून दररोज संध्याकाळी मेरीमातेचे स्तोत्र गाण्याचा दंडक घातला. त्या नित्यनेमासाठी १५०० ते १५०५ च्या सुमारास ही पोथी तयार झाली. मूळच्या ९३ रचनांपैकी ६४ पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात शिल्लक आहेत. पोथी इतकी मोठी आहे, की घडवंचीवर उघडून ठेवल्यावर सारे गायक तिच्याभोवती उभे राहून एकाच वेळी वाचू शकत. डन्स्टेपलच्या काळी तीन-चार आवाज पुरेसे होते, येथे पाच-सहा नेहमीचे. मुलांच्या कोवळ्या आवाजापासून प्रौढांच्या खर्जापर्यंत जवळजवळ तीन सप्तकांचा पल्ला वापरला जातो, आणि एकेका अक्षरावर लांबच लांब स्वरावली घेतल्या जातात. जॉन ब्राउन हा या पोथीतील सर्वांत थोर रचनाकार म्हणावा लागेल. क्रूसाखाली उभ्या असलेल्या मातेच्या शोकावरील त्याच्या सहा आवाजांच्या रचनेत जमाव येशूला सुळी देण्याची मागणी करतो, त्या जागी इतका वेळ संथ वाहणारे आवाज एकमेकांवर तुटून पडतात आणि पुन्हा आवरले जातात. अलंकाराचा सोस असलेल्या शैलीत एवढा नेमका आघात क्वचितच सापडतो.

१८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती आले, छावणी वसली, आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग येथे जोडला गेल्यावर वस्ती झपाट्याने वाढली. छावणीसोबत चर्च आले, लष्करी बँड आला आणि पेटी आली, पण त्या इंग्रजांना स्वतःच्या देशातील डन्स्टेपल ठाऊक असण्याचा संभव नव्हता. ईटनच्या पोथीची संपूर्ण आधुनिक आवृत्ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर निघाली. त्यांनी आणलेल्या पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले होते. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर नैसर्गिक गंधार ३८६ वर येतो आणि पेटीचा ४०० वर, म्हणजे एव्हशॅमच्या ओडिंग्टनने ज्या चढ्या गंधाराविरुद्ध कौल दिला होता, त्याच्याच जवळपास. देवल आणि त्यांचे सहकारी, जिल्हा न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली ती हा दोष काढण्यासाठीच, आणि १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले तेव्हाही हेच कारण पुढे केले गेले. पाश्चात्य स्वर भारतीय कानाला रुचत नाहीत, असा निष्कर्ष त्या वादात सर्रास काढला गेला. वस्तुतः आक्षेप एका अलीकडच्या सोयीवर होता, आणि पंधराव्या शतकातील इंग्रज गायकाने तो आनंदाने उचलून धरला असता.

भारतात गंधार दुसऱ्या गळ्यात गेला तो गोव्यात, आणि तोही पोर्तुगिजांमार्फत. १५४५ पासून गावोगावच्या चर्चला जोडून शाळा निघाल्या, तेथे मुलांना स्वरलिपी आणि गायन शिकवले जाई. त्या शिक्षणातून चर्चमध्ये उपवासकाळातील 'मोतेत' ही लॅटिन भक्तिगीते आणि घरांत कोंकणी मांडो, असे दोन प्रवाह वाढले. मांडो दोन आवाजांत गातात तेव्हा दुसरा आवाज बहुधा गंधाराच्या किंवा धैवताच्या अंतराने सोबत चालतो. १३८७ मध्ये लँकेस्टर घराण्यातील फिलिपा पोर्तुगालची राणी झाली आणि तिचाच मुलगा समुद्रमोहिमांचा आश्रयदाता हेन्री, एवढ्यावरून इंग्लंडपासून गोव्यातल्या सासष्टीपर्यंत सरळ वंशावळ आखण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. डन्स्टेपलची ढब शंभर वर्षांत साऱ्या युरोपची झाली होती आणि पोर्तुगिजांनी ती तेथूनच घेतली.

जबलपूरहून सतन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मैहर लागते. तेथे अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास अनाथ मुलांना जमवून वाद्यवृंद उभा केला. त्यात सतार, सरोद, व्हायोलिन यांच्या जोडीला बंदुकीच्या नळ्यांपासून केलेले नलतरंगही होते. खाँसाहेब तरुणपणी कलकत्त्यात लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकले होते, पाश्चात्य वृंदवादन त्यांनी जवळून ऐकले होते, आणि तरीही मैहरच्या वृंदात त्यांनी मुख्यतः सर्व वाद्यांना एकच चाल दिली. दुसरा आवाज त्यांना माहीत नव्हता असे म्हणता येत नाही. राग हलत्या षड्जावर उभा राहत नाही, हे ते जाणत होते, आणि त्यांचा निर्णय डन्स्टेपलच्या निर्णयाइतकाच विचारपूर्वक होता.

तंबोऱ्यावर वाढलेल्या श्रोत्याने हे इंग्रजी संगीत ध्वनिमुद्रणावर ऐकायला घेतले, तर पहिल्यांदा तो षड्ज शोधतो आणि तो निसटत राहिल्याने वैतागतो. त्याने डन्स्टेपलच्या 'क्वाम पुल्क्रा एस' या तीन आवाजांच्या छोट्या रचनेपासून सुरुवात करावी, कारण तिच्यात तिन्ही गायक बहुतेक अक्षरे एकत्र उच्चारतात आणि गंधार कोणाच्या गळ्यात आहे ते कळत राहते. सर्वांत खालच्या आवाजाच्या मागे कान लावला तर फिरता षड्जही हळूहळू सापडू लागतो. त्यानंतर ब्राउनकडे वळावे. रॉबर्ट विल्किन्सनने येशू आणि बारा शिष्य कल्पून तेरा आवाजांची जी रचना ईटनच्या पोथीत केली, तिची ख्याती मोठी आहे, परंतु एकच चाल तेरा जणांनी एकामागून एक उचलल्यावर स्वरांची गर्दी होते आणि रचनाकाराचे कसब दिसत असले तरी ऐकणाऱ्याच्या हाती ब्राउनच्या सहा आवाजांतून याहून पुष्कळ अधिक लागते.